चढण्याआधीचं उतरणं

बलूनचा इतिहास बहुतेक उंचीच्या आकड्यांत सांगितला जातो. कोण किती वर गेला, किती तास तरंगला, कुठला समुद्र ओलांडला. आपल्याकडचंच पाहा. 26 नोव्हेंबर 2005 रोजी विजयपत सिंघानिया मुंबईहून उष्ण हवेच्या बलूनमधून निघाले आणि 21,027 मीटर उंचीवर पोचले. तो जागतिक विक्रम पुष्कळांना आठवत असेल. ते उतरले नाशिक जिल्ह्यातल्या पांचाळे गावाजवळ, हे मात्र त्या पंचक्रोशीबाहेर फार कुणाच्या लक्षात नसावं. चढणं डोळ्यांत भरतं, उतरणं गृहीत धरलं जातं. पण बलून चालवणाऱ्याचं कसब आणि त्याचे घोटाळे समजून घ्यायचे तर इतिहास उलट्या टोकाकडून, म्हणजे टोपली जमिनीला टेकते त्या क्षणाकडून वाचायला हवा. तसा वाचला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. सुमारे दोनशे चाळीस वर्षांत उतरण्याची साधनं कितीतरी सुधारली, तरी उतरतानाच्या मोठ्या अपघातांची मुळं शोधायला गेलं की ती बऱ्याचदा टोपली जमिनीवरच असताना घेतलेल्या, किंवा घ्यायच्या राहून गेलेल्या, निर्णयापाशी सापडतात. तो निर्णय म्हणजे ‘आज नको’. हे दोन शब्द पायलटच्या तोंडून का निघत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर यंत्रापेक्षा पैशात आणि भिडेत जास्त आहे, असं मला वाटतं.

आधी या वाहनाचा स्वभाव पाहू. बलूनला सुकाणू नाही, ब्रेक नाही, मागे वळण्याची सोय नाही. वारा नेईल तिकडे जायचं. वेगवेगळ्या उंचीवर वाऱ्याच्या दिशा थोड्याफार वेगळ्या असतात. कुशल पायलट वरखाली करत त्यातला हवा तो थर पकडतो आणि थोडीफार दिशा साधतो. म्हणजे त्याच्या हातात खऱ्या अर्थानं एकच गोष्ट आहे, उंची, आणि तीसुद्धा लगेच हुकमात येत नाही. चार माणसांच्या साध्या बलूनच्या घुमटात सुमारे 2200 घनमीटर हवा असते. ती शंभर अंशांपर्यंत तापवली तरी तिचं वजन दोन टनांच्या घरात भरतं. बर्नर पेटवल्यावर एवढ्या हवेचं तापमान वाढायला आणि खाली चाललेला तो सगळा पसारा थांबून वर वळायला काही सेकंद जातात. पायलट आत्ता बर्नरची मूठ दाबतो त्याचं फळ त्याला नंतर मिळतं, आणि आत्ता जे घडतंय ते त्यानं मघाशी केलेल्याचं फळ असतं. उतरताना जमीन जवळ येते तसा हा उशीर अधिक महाग पडतो. वर हजार मीटरवर दहा सेकंदांची चूक कुणाला कळतही नाही, तीच चूक झाडांच्या शेंड्यांवर झाली की तिची बातमी होते. म्हणून या धंद्यात आयत्या वेळच्या चपळाईला मर्यादित किंमत आहे. बहुतेक काम आधी करून ठेवावं लागतं.

उतरण्याचा पहिला मोठा धडा बलूनमधून माणूस पहिल्यांदा मोकळा उडाला त्यानंतर दहा दिवसांतच मिळाला होता. 21 नोव्हेंबर 1783 रोजी पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघे माँगोल्फिए बंधूंच्या बलूनमधून पॅरिसवरून सुमारे पंचवीस मिनिटं उडाले. खाली पेंढ्याचा जाळ, वर कापड आणि कागद, आणि कापडाला ठिणगी लागली की ती विझवायला ओला स्पंज, असा तो थाट होता. त्यानंतर 1 डिसेंबरला जाक शार्ल हे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी निकोला-लुई रोबेर हायड्रोजनच्या बलूनमधून निघाले आणि दोन तासांनी नेल-ला-व्हाले इथे नीट उतरले. एवढ्यावर थांबले असते तर आदर्श उड्डाण म्हणून त्याची नोंद झाली असती. पण शार्लना पुन्हा एकदा वर जायचं होतं. रोबेर टोपलीतून खाली उतरले, टोपलीतलं एका माणसाचं वजन कमी झालं आणि बलून बाणासारखा वर सुटला, जवळजवळ 3000 मीटरपर्यंत. शार्लच्या कानात असह्य कळा आल्या. झडप उघडून गॅस सोडत ते कसेबसे खाली आले आणि त्यानंतर आयुष्यात पुन्हा कधी बलूनमध्ये बसले नाहीत. जमिनीला टेकलेल्या बलूनमधून माणूस उतरला की उरलेले वर जातात, हा नियम तेव्हापासून ठाऊक आहे.

नियम ठाऊक असणं वेगळं आणि आगीसमोर उभं राहून तो पाळणं वेगळं. 26 फेब्रुवारी 2013 रोजी इजिप्तमधल्या लक्सर इथे 21 माणसं घेऊन उडालेला बलून उतरत असताना, जमीन काही मीटरवर आली असताना, इंधनाच्या नळीपाशी आग लागली. पायलट आणि एक प्रवासी बाहेर पडले. हलका झालेला बलून उरलेल्यांना घेऊन पुन्हा आकाशात चढला आणि वर जाऊन कोसळला. 19 जण मेले. बारा वर्षांनी, 21 जून 2025 रोजी, ब्राझीलच्या सांता कातारीना राज्यातल्या प्राया ग्रांदे इथे जवळजवळ तसंच घडलं. टोपलीत आग लागली. पायलटनं बलून खाली आणला आणि जमीन जवळ येताच लोकांना उड्या मारायला सांगितलं. 13 जण बाहेर पडले, त्यांत तो स्वतःही होता. वजन गेल्यावर बलून पुन्हा वर गेला आणि त्यात राहिलेले आठही जण दगावले. आग लागलेल्या टोपलीतून उडी मारणाऱ्याला दोष देणारा माणूस निर्दय म्हणावा लागेल, आणि माझा तसा हेतू नाही. पण 1783 आणि 2025 यांच्या मध्ये पदार्थविज्ञान बदललेलं नाही. आग लागल्यावर कुणी काय करायचं, गॅस कुणी आणि कधी बंद करायचा, वरची झडप पूर्ण उघडून हवा सोडल्याशिवाय कुणी बाहेर पाय टाकायचा नाही, या गोष्टी आगीच्या क्षणी सुचत नाहीत. त्या सकाळी, प्रवासी टोपलीत चढण्याआधी, सांगून आणि करून घेतलेल्या असल्या तरच उपयोगी पडतात.

एकोणिसाव्या शतकातल्या बलूनबाजांनी उतरण्यासाठी जी साधनं शोधली, त्यांत त्या काळची कल्पकता दिसते. सुरुवातीला फक्त वाळूची पोती आणि नांगर होते. वाळू टाकली की वर, गॅस सोडला की खाली, आणि शेवटी जहाजासारखा नांगर फेकून जमिनीला पकडायचं. जोराचा वारा असला की नांगर जमीन नांगरत जायचा किंवा तुटायचा. नादार या फ्रेंच छायाचित्रकारानं ‘ल जेआँ’ नावाचा अवाढव्य बलून बांधला होता. टोपली कसली, वेताचं दुमजली घरच होतं ते. 1863 च्या ऑक्टोबरात पॅरिसहून निघालेला हा बलून जर्मनीत हॅनोव्हरजवळ उतरू लागला, नांगर टिकले नाहीत आणि वाऱ्यानं ते घर माणसांसकट माळरानातून दूरवर फरफटत नेलं. नादार आणि त्याची बायको दोघंही जबर जखमी झाली. त्याआधीच इंग्लंडच्या चार्ल्स ग्रीननं एक साधी, पण फार हुशार युक्ती रूढ केली होती. लांबलचक जड दोर टोपलीखाली सोडायचा. बलून खाली आला की दोराचा अधिक भाग जमिनीवर टेकतो, तेवढं ओझं कमी होतं आणि बलून आपोआप सावरतो. वर गेला की दोर उचलला जातो, ओझं वाढतं आणि बलून पुन्हा खाली येतो. 1836 च्या नोव्हेंबरात ग्रीननं लंडनहून निघून अठरा तासांत जर्मनीतलं नासाऊ गाठलं, तेव्हा असा दोर त्याच्याबरोबर होता. अमेरिकेच्या जॉन वाइझनं पुढे कापडाचा एक पट्टा असा बसवला की दोरी ओढताच तो फाटून निघावा आणि टेकल्या टेकल्या सगळा गॅस बाहेर पडावा, म्हणजे फरफट थांबली. हा पट्टा एकदा फाडला की परत जोडता येत नसे, त्यामुळे तो ओढण्याचा क्षण चुकवून चालत नसे. आजच्या बलूनच्या डोक्यावर जी गोल, छत्रीसारखी झडप असते ती उघडून पुन्हा मिटता येते.

ही साधनं काम करत होती, यात वाद नाही. पण प्रत्येक साधनाबरोबर पायलटच्या मनात एक हिशेबही शिरला असणार: आता उतरायला अमुक आहे, तेव्हा थोडा वारा असला तरी चालेल. आणि जमिनीवर त्याच्या भोवती उभी असलेली माणसं त्याला तसंच म्हणायला लावत होती. बलूनचं उड्डाण पहिल्या दिवसापासून तिकिटाचा खेळ होता. 1784 च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये शेव्हालिए द मोरे नावाच्या माणसाचा बलून वर गेलाच नाही, तेव्हा चिडलेल्या गर्दीनं त्याच्या चिंध्या केल्या. महिनाभरानं व्हिन्चेन्झो लुनार्दी या इटालियन तरुणाची पाळी आली. 15 सप्टेंबरला बलून पुरता भरला नव्हता, तो दोघांना उचलणार नव्हता, आणि लोक ताटकळले होते. लुनार्दीनं सोबत्याला जमिनीवर ठेवलं आणि एक मांजर, एक कुत्रा आणि एक कबूतर घेऊन तो उडाला. त्या दिवशी सगळं निभावलं. पहिला मानवी उड्डाणवीर पिलात्र द रोझिए मात्र असा सुदैवी नव्हता. इंग्लिश खाडी फ्रान्सकडून ओलांडायची म्हणून त्यानं सरकारी पैसा घेतला होता. उलट बाजूनं 7 जानेवारी 1785 ला ब्लाँशार आणि जेफ्रीज यांनी ती ओलांडलीही, आणि तीसुद्धा अंगावरचे कपडे समुद्रात फेकत. रोझिए महिनोन्‌महिने बुलोनला वाऱ्याची वाट पाहत बसला. हायड्रोजनचा गोळा वर आणि त्याच्याखाली जाळ, अशी त्याच्या बलूनची रचना होती, आणि त्यातला धोका कळायला फार विद्वत्ता लागत नव्हती. 15 जून 1785 ला तो आणि पिएर रोमँ निघाले, आणि किनाऱ्यापासून फार दूर जाण्याआधीच कोसळून मेले. हवाई अपघातातले जगातले पहिले बळी ते हे दोघे. सरकारचा पैसा खर्च झालेला, मान दुसऱ्यानं पटकावलेला, अशा माणसाला ‘आज नको’ म्हणायला किती बळ लागलं असतं, याचा विचार करावा.

या भिडेचं सगळ्यात ठळक उदाहरण मात्र उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या स्वीडिश अभियंत्याचं आहे, सालोमोन आंद्रे याचं. 1896 च्या उन्हाळ्यात तो स्पिट्सबर्गनच्या डेन्स बेटावर बलून फुगवून बसला. पैसा राजा दुसरा ऑस्कर आणि आल्फ्रेड नोबेल यांनी दिला होता, साऱ्या युरोपचं लक्ष होतं. वारा अनुकूल होईना. आंद्रेनं गॅस सोडला, बलून घडी घालून पेटीत भरला आणि घरी परतला. माझ्या मते बलूनच्या इतिहासातल्या सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी हा एक. पण शहाण्या निर्णयाचं स्वागत शहाणपणानं झालं नाही, माघार म्हणून त्याची कुजबुज झाली. त्याच मोसमात त्याचा सहकारी निल्स एकहोल्म या हवामानतज्ज्ञानं कापडातून किती हायड्रोजन गळतो ते मोजलं होतं. बलून ठरलेल्या मुदतीपर्यंत हवेत टिकणार नाही, असा त्याचा हिशेब होता. हिशेब कुणी मनावर घेतला नाही म्हणून तो मोहिमेतून बाहेर पडला, त्याच्या जागी क्नुट फ्रेंकेल आला, आणि 11 जुलै 1897 ला आंद्रे, फ्रेंकेल आणि निल्स स्ट्रिंडबेर्ग निघाले. निघताच बलून पाण्यापर्यंत खाली आला आणि जमिनीवर घासत जाऊन दिशा देतील म्हणून लावलेल्या जड दोरांचा मोठा भाग स्क्रूच्या जोडांतून सुटून मागेच राहिला. ज्या साधनावर सगळी मोहीम उभी होती ते पहिल्या काही मिनिटांत गेलं, आणि तरी ते पुढे गेले. तीन दिवसांनी बलून बर्फावर उतरला. नवल म्हणजे हे उतरणं जवळजवळ बिनदुखापतीचं होतं. मेले ते पुढे, महिनोन्‌महिने बर्फ तुडवून, क्वितोया बेटावर. त्यांचे अवशेष 1930 मध्ये सापडले. एकदा ‘नको’ म्हणून टीका सोसलेला माणूस दुसऱ्यांदा ‘नको’ म्हणू शकला नाही, असं मी म्हणतो तेव्हा ते अनुमान आहे, हे कबूल. पण गळतीचा आकडा त्याच्यासमोर होता, आणि तो बाजूला ठेवायला दुसरं कारण मला दिसत नाही.

विसाव्या शतकात विमानं आली आणि बलून मागे पडले. त्यांचा पुनर्जन्म झाला 22 ऑक्टोबर 1960 रोजी, अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात ब्रूनिंग इथे. एड योस्ट यानं नायलॉनचा घुमट आणि प्रोपेनचा बर्नर लावून दीड तासाच्या आसपास उड्डाण केलं. हायड्रोजनचा खर्च गेला, पेंढ्याचा जाळ गेला, आणि हवेत असताना हवं तेव्हा पुन्हा उंची घेण्याची सोय आली. गॅस बलूनवाल्याकडे वाळू आणि गॅस ही मोजकी शिल्लक असे, उतरायला लागला की ती संपवतच तो खाली येई. प्रोपेनवाल्याला एक शेत आवडलं नाही तर बर्नर लावून पुढचं शेत पाहता येतं. ही मोठी सोय खरी, पण निर्णय पुढे ढकलण्याचीही ती सोय आहे. याच सोयीनं पर्यटनाचा धंदा उभा राहिला. टोपल्या मोठ्या झाल्या, त्यांत कप्पे पडले, वीस-तीस माणसं एका वेळी वर जाऊ लागली. 23 ऑगस्ट 2012 ला स्लोव्हेनियाच्या ल्युब्लियाना शहराबाहेरच्या दलदलीवर वादळी वाऱ्यात जो बलून आपटला त्यात 32 माणसं होती, त्यांतली सहा मेली. बलून सूर्योदयाच्या वेळी उडवतात ते उगीच नव्हे. ऊन चढलं की जमिनीवरून तापलेल्या हवेचे लोट उठतात आणि वाऱ्याचा नेम राहत नाही. पण सकाळच्या वेळेचं हे शहाणपण वादळासमोर अपुरं पडतं. वादळ जवळपास असलं की जमिनीवरच्या शांत हवेवर विसंबून चालत नाही.

दरम्यान जमीनही बदलली होती. ग्रीनचा लोंबता दोर आज वापरता येणार नाही, कारण दर शेताच्या कडेनं विजेच्या तारा आहेत. तारा हा आजच्या बलूनचा सर्वांत मोठा वैरी, आणि इथे पायलटचा हात त्याला दगा देतो. 7 जानेवारी 2012 रोजी न्यूझीलंडच्या कार्टरटन गावाजवळ हवा उत्तम होती. बलून खाली येत असताना 33,000 व्होल्टच्या तारांच्या दिशेनं सरकला. पायलटनं बर्नर लावून तारांवरून जाण्याचा प्रयत्न केला. मघाशी सांगितलेला तो काही सेकंदांचा उशीर आडवा आला, टोपली तारांत अडकली, दोघांनी उडी मारली, बलून पेटून वर गेला आणि पडला. 11 जणांपैकी कुणी वाचलं नाही. पायलटना शिकवलेलं याच्या नेमकं उलटं असतं: तारा टळत नाहीत असं दिसलं तर चढू नका, झडप उघडा आणि झपाट्यानं खाली जा. कापड तारांना लागलं तर माणसं वाचण्याची शक्यता असते. गॅसच्या टाक्या आणि लोखंडी दोर असलेली टोपली लागली तर जवळजवळ नसते. न्यूझीलंडच्या चौकशी आयोगानं हेच म्हटलं, आणि पायलटच्या रक्तात गांजाचा अंश सापडल्याची नोंदही केली. हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातं, असं कुणी म्हणेल. त्या सकाळी ‘आज नको’ म्हणायला हवेचं काही कारण नव्हतं. खरं आहे. तरीही निर्णय तारांपाशी चुकला त्याच्या आधी एक निर्णय चुकला होता, तारांच्या वाऱ्याकडच्या बाजूला तारांच्याच उंचीपर्यंत खाली येऊन रेंगाळण्याचा. आणि गांजाचा प्रश्न तर टोपलीत चढण्याच्याही आधीचा आहे.

टेक्सासच्या लॉकहार्टजवळचा अपघात या बाबतीत अधिक स्वच्छ बोलतो. 30 जुलै 2016 ची सकाळ. खाली धुकं आणि ढग असल्याची माहिती पायलटला उड्डाणाआधीच फोनवरून मिळाली होती, आणि ढगांत भोक सापडलं की जायचं अशा अर्थाचं उत्तर त्यानं दिलं होतं. पंधरा प्रवासी घेऊन तो निघाला, ढगांच्या वर पोचला. वर स्वच्छ ऊन, खाली पांढरी चादर. अशा बलूनला उतरायचं तर न दिसणाऱ्या जमिनीवर उतरावं लागतं. सुमारे पाऊण तासानं तो खाली आला तो थेट उच्च दाबाच्या तारांवर. 16 च्या 16 जण मेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं मूळ कारण म्हणून नाव घेतलं ते पायलटच्या चुकीच्या निर्णयांच्या मालिकेचं: निघणं, धुक्यातून आणि ढगांवरून पुढे जात राहणं, ढगांतून खाली येणं. त्याच्या आजारांचा आणि औषधांचा वाटा मंडळानं नोंदवला, आणि व्यावसायिक बलून पायलटकडून वैद्यकीय प्रमाणपत्र न मागणाऱ्या सरकारी धोरणाचाही.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. अपघातानंतर मागे वळून पाहणाऱ्याला प्रत्येक अपघाताचं कारण उड्डाणात सापडणारच. उडालाच नसता तर पडलाच नसता, हे सांगायला इतिहास कशाला हवा? हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच माझा दावा सरसकट नाही. लक्सरच्या आगीला सकाळच्या हवेचं भाकीत जबाबदार नव्हतं. तिथे प्रश्न नळ्यांच्या देखभालीचा आणि आगीच्या सरावाचा होता. माझं म्हणणं तेवढ्याच घटनांपुरतं आहे जिथे धोक्याची माहिती निघण्याआधी पायलटच्या हातात होती. आंद्रेकडे गळतीचं मोजमाप होतं, टेक्सासच्या पायलटकडे ढगांचं भाकीत होतं. ही माहिती नंतर शोधून काढलेली नाही. दुसरा आक्षेप असा, की टेक्सासचा पायलट मुळातच नालायक होता, एका माणसाच्या दोषावरून धंद्याची परीक्षा करू नये. यावर उत्तर म्हणून एवढंच सांगतो, की प्रवासी बलूनवाल्यांवर अधिक देखरेख ठेवावी अशी शिफारस त्याच सुरक्षा मंडळानं 2014 मध्ये केली होती आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं ती नाकारली होती. विमान कंपनीत पायलटखेरीज ‘नको’ म्हणू शकणारी आणखी माणसं असतात: सहवैमानिक, उड्डाण-नियोजक, डॉक्टर. लॉकहार्टचा पायलट स्वतःच मालक होता, स्वतःच तिकीट विकणारा, आणि स्वतःच हवा पाहणारा. ज्याच्या खिशातून पैसे परत जाणार, त्यालाच उड्डाण रद्द करायला सांगण्याची ही व्यवस्था होती. नालायक माणूस कुठल्याही धंद्यात शिरतो. त्याला अडवणारा कुणी नसेल तर तो धंद्याचा दोष आहे.

उलट बाजूचं उदाहरण तुर्कस्तानातल्या कापादोक्याचं. तिथे पहाटे शंभराहून अधिक बलून एका वेळी उठतात. मराठी पर्यटकांच्या फोटोंतून ती दरी आता आपल्या घराघरांत पोचली आहे. तिथे उडायचं की नाही हे एकेका पायलटवर सोडलेलं नाही. नागरी विमान वाहतूक खात्याच्या देखरेखीखाली वारा मोजून रोज हिरवा, पिवळा किंवा लाल झेंडा जाहीर होतो. लाल म्हणजे कुणीच नाही, कितीही तिकिटं विकलेली असोत. जुन्या जाणत्या पायलटांना अशी पद्धत रुचणार नाही. आपल्या डोंगराची हवा आपल्यालाच कळते, कचेरीत बसलेल्याला काय कळणार, असं ते म्हणतील. त्यात तथ्य आहे, आणि झेंडा हिरवा असूनही माणूस मरू शकतो: 2022 च्या ऑक्टोबरात तिथेच जोराच्या वाऱ्यात आदळून उतरलेल्या बलूनमधले दोन स्पॅनिश पर्यटक दगावले. पण या पद्धतीचा फायदा वाऱ्याच्या अचूक अंदाजात नाही. ती ‘नको’ म्हणण्याची भीड पायलटच्या अंगावरून काढून घेते. लाल झेंड्याच्या दिवशी शेजारचा बलूनवालाही जमिनीवरच असतो, त्यामुळे गिऱ्हाईक पळण्याची भीती उरत नाही. हिरव्या झेंड्यानंतरही नकार देण्याचा हक्क पायलटकडे राहतोच, आणि तो राहायलाच हवा.

अमेरिकेत प्रवासी बलूनच्या पायलटला विमानाच्या व्यावसायिक वैमानिकासारखं वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचं करणारा नियम अखेर 2022 च्या नोव्हेंबरमध्ये झाला, लॉकहार्टनंतर सहा वर्षांनी. चांगला नियम आहे, पण त्यानं आंद्रे थांबला नसता. त्याची प्रकृती उत्तम होती. तिकीट काढणाऱ्यानं मात्र एक गोष्ट आपण होऊन करावी. कापादोक्याला असो, लक्सरला असो की आपल्याकडे कुठे असो, पैसे भरण्याआधी पायलटचे अनुभवाचे तास विचाराच, पण त्याबरोबर हेही विचारा: हवेमुळे उड्डाण रद्द झालं तर पैसे पूर्ण परत मिळतात का, आणि गेल्या मोसमात किती उड्डाणं रद्द केली? ज्याच्याकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘एकही नाही’ असं असेल, त्याच्या टोपलीत चढू नका.